थांबला नाही, एवढंच

महामार्गावर समोरून येणाऱ्या गाडीने दोनदा हेडलाइट मारला की आपल्याला कळतं, पुढे मामा उभे आहेत. लाइट मारणारा आपल्या ओळखीचा नसतो, पुन्हा कधी भेटणार नसतो, त्याला आपल्याकडून काही मिळायचंही नसतं. तरी तो सांगतो. आपण वेग कमी करतो, सीटबेल्ट ओढून घेतो, आणि किलोमीटरभर पुढे गेल्यावर समोरच्यांना तसाच लाइट मारून उपकार फेडतो. इतकं निरपेक्ष सहकार्य आपल्या रस्त्यांवर दुसऱ्या कशासाठी मी पाहिलेलं नाही. ॲम्ब्युलन्सला वाट देतानासुद्धा नाही.

पोलिसांना चुकवणं हा आपल्याकडे गुन्हा वाटतच नाही, ती हुशारी वाटते. चौकात पांढरा शर्ट दिसला की पोरं बाइक फुटपाथवर चढवून उलटी वळवतात आणि संध्याकाळी कट्ट्यावर तो किस्सा मीठमसाला लावून सांगतात. माझ्या भाच्याने असाच एक किस्सा घरी जेवताना सांगितला होता. मामाने हात केला, यानं न थांबता गाडी दामटली, बोळातून राँग साइडने निघून थेट क्लासला. सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. त्या बोळात त्या वेळी कोणी म्हातारी दळण घेऊन चालली असती तर, असं माझ्या मनात आलं ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर.

याच सवयीचं दुसरं टोक १५ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत दिसलं. वाशीजवळ वाहतूक पोलिसांनी एक कार थांबवायचा प्रयत्न केला. चालक थांबला नाही. समोर उभा असलेला शिपाई बॉनेटवर पडला आणि तसाच अडकून राहिला. कार पाम बीच रोडने निघाली ती उरणच्या वाटेवर गव्हाण फाट्याजवळ अडवेपर्यंत थांबली नाही. सुमारे २० किलोमीटर. पुणेकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, स्वारगेटहून निघून निगडीपर्यंत. एवढं अंतर एक माणूस धावत्या कारच्या बॉनेटला चिकटून होता. तो वाचला. चालकाने अमली पदार्थ घेतल्याचा आरोप झाला आणि त्याच्यावर ३०७ लागलं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. शिवाय ३५३, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी केलेला हल्ला. महाराष्ट्रात कुणालाही पाठ असलेली ही कलमं. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे १०९ आणि १३२ झाले आहेत, पण पोलीस ठाण्यात अजून कोणी 'एकशे नऊ लावतो' असा दम दिल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याने इथे काम केलं असं म्हणता येईल. आता याच प्रसंगात एकच गोष्ट बदलून पाहा. तोच चालक, तीच नशा, तोच निर्णय: समोर वर्दीतला माणूस हात करतो आहे, मी थांबणार नाही. फक्त शिपाई जरा चपळ निघाला आणि ऐन वेळी बाजूला झाला. मग चालकाने केलं काय? मोटार वाहन कायद्याच्या १७९ व्या कलमाप्रमाणे त्याने कायदेशीर आदेश मोडला. दंड २ हजार रुपयांपर्यंत. तोही २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा, त्याआधी तो ५०० रुपये होता.

म्हणजे गुन्हा किती मोठा हे चालकाच्या डोक्यात काय होतं यावर ठरत नाही, शिपायाच्या पायातल्या चपळाईवर ठरतं. माझी सगळी तक्रार एवढ्या एका गोष्टीची आहे. पोलिसांपासून पळण्यासाठी गाडी वेडीवाकडी हाकणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. तो व्हायला हवा, आणि त्याची शिक्षा कोणी मरायच्या आधी लागू व्हायला हवी.

आता कोणी म्हणेल, बेदरकार गाडी चालवण्याचं कलम आहेच की. आहे. न्याय संहितेचं २८१ वं कलम. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड. हा १ हजाराचा आकडा कुठून आला ते पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत २७९ व्या कलमात तो होता. तेव्हा रस्त्यावर टांगे, बग्ग्या आणि बैलगाड्या होत्या आणि १ हजार रुपये म्हणजे भल्या घरच्या माणसाचं कंबरडं मोडेल अशी रक्कम होती. २०२३ मध्ये संसदेने गुलामीच्या खुणा पुसायच्या म्हणून नवी संहिता आणली, कलमांचे क्रमांक बदलले, नावं बदलली. तो हजाराचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. 'वाहन हाकणं किंवा स्वार होणं' ही भाषासुद्धा तीच. घोडा गेला, खोगीर राहिलं.

मोटार वाहन कायद्याचं १८४ वं कलम जरा बरं आहे. धोकादायक रीतीने चालवल्यास पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार दंड. पण त्यात लाल सिग्नल तोडणारा, मोबाइल हातात धरून बोलणारा आणि नाकाबंदी फोडून राँग साइडने ८० च्या वेगाने पळणारा, तिघंही एकाच रांगेत बसवले आहेत. पळण्यासाठी म्हणून हे केलं, ही गोष्ट कायद्याच्या हिशेबात कुठेच नाही.

हिशेब चालक मात्र करतो. रात्री साडेअकराची वेळ धरा. लग्नाच्या हॉलवरून नाहीतर ढाब्यावरून परतणारा माणूस. पुलाखालून वळण घेतो तो समोर बॅरिकेड, लाल-निळा दिवा, रिफ्लेक्टर जॅकेट घातलेले तीन-चार जण आणि एकाच्या हातात फुंकायचं यंत्र. थांबला तर? १८५ वं कलम. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टाची पायरी, घरी बोलणी, लायसनचा लोच्या. नाही थांबला तर? दोन हजार, तेही नंबर टिपला गेला तर. दोन-तीन बिअर पोटात असलेल्या माणसालाही हे गणित जमतं. न थांबणं आपण थांबण्यापेक्षा स्वस्त करून ठेवलं आहे, आणि वर विचारतो, हे लोक पळतात का?

शिवाय पळालं की पुरावाही पळतो. अल्कोहोल तासागणिक रक्तातून उतरत जातं. ७ जुलै २०२४ ला पहाटे वरळीत मासे घेऊन निघालेल्या कोळी दांपत्याच्या स्कूटरला कारने उडवलं आणि त्यातल्या बाईंना फरफटत नेलं. गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण पोलिसांच्या हाती लागला तो दोन दिवसांनी. खटला कोर्टात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण दोन दिवसांनी सापडलेल्या कुठल्याही माणसाच्या रक्ताने त्या रात्रीबद्दल काय सांगायचं?

आपल्याकडे शिक्षेची चर्चा सुरू होते ती प्रेतं मोजून झाल्यावर. दिल्लीच्या लोधी कॉलनीत १० जानेवारी १९९९ ला पहाटे एक बीएमडब्ल्यू पोलिसांच्या तपासणी नाक्यावरच घुसली. सहा जण गेले, त्यात तीन पोलीस. गाडी थांबली नाही. ती गोल्फ लिंक्समधल्या एका बंगल्यात धुऊन काढली गेली. तेरा वर्षांनी, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरला, पण भोगलेली दोन वर्षांची कैद पुरेशी मानली आणि वर ५० लाख रुपये आणि समाजसेवा लावली. मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, लोकांनी डोक्याला हात लावला, उच्च न्यायालयाने ते तीन वर्षं केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. दोन्ही खटल्यांत वर्षानुवर्षं वाद चालला तो एकाच मुद्द्यावर: हा निष्काळजीपणा की माणसं मरतील हे माहीत असून केलेली कृती? चालकाला नेमकं काय 'माहीत' होतं? याचं उत्तर शोधण्यात न्यायालयांची जेवढी शाई खर्च झाली तेवढी वाचली असती, जर आदल्या पायरीवरच कायद्याने एक साधा प्रश्न विचारून ठेवला असता. थांबायला सांगितलं होतं का? थांबलास का?

ही पायरी सोडून आपण थेट गच्चीवर उडी मारली. ती उडी म्हणजे न्याय संहितेचं १०६ (२). निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळ काढला तर १० वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा २ वर्षं होती, नव्या १०६ (१) मध्ये ती ५ झाली, आणि पळालास तर १०. कागदावर पायऱ्या छान दिसतात.

याच उपकलमाविरुद्ध १ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांनी स्टिअरिंग सोडलं. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथले टँकर जागचे हलेनात. नवीन वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी मी स्कूटर घेऊन पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. रांग पंपाच्या बाहेर पडून, कोपऱ्यावरचं मेडिकल ओलांडून, पुढच्या चौकाकडे गेली होती. माझ्या पुढच्याने घरून दोन बिसलेरीच्या बाटल्या आणल्या होत्या. पंपावरचा पोरगा ओरडून सांगत होता, बाटलीत देणार नाही. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला रात्री, केंद्रीय गृहसचिवांनी अखिल भारतीय मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस या वाहतूकदारांच्या संघटनेच्या लोकांना बोलावून आश्वासन दिलं की तुमच्याशी बोलल्याशिवाय हे लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली ती हे एक उपकलम बाजूला ठेवूनच.

त्या रांगेत ड्रायव्हर लोकांना शिव्या देणारे पुष्कळ होते. मला मात्र त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही. अपघात झाल्यावर ट्रकवाला थांबला तर काय होतं हे ज्याने एकदा पाहिलं आहे त्याला ते पटेल. चूक कोणाचीही असो, मोठ्या गाडीवाल्याला आधी खाली ओढतात. क्लीनर पळून जातो, ड्रायव्हर सापडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यालाही हे ठाऊक आहे. जखमीला दवाखान्यात नेण्याचं बंधन चालकावर घालताना १३४ व्या कलमाने जमावाच्या संतापाचा अपवाद शब्द वापरून नोंदवला आहे. कायदाच म्हणतो की इथे माणूस मारला जाऊ शकतो, आणि मग दुसरा कायदा त्याच्यापुढे दहा वर्षं टांगतो.

दुसरं असं की १० वर्षं हा आकडा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३०,४८६ माणसं धडक देऊन पळून गेलेल्या गाड्यांखाली. पळालेल्यांपैकी अनेकांचा नंबरही कोणी टिपलेला नसतो. जो सापडतच नाही त्याला दोन वर्षं काय नि दहा काय. ज्याला खात्री आहे की अंधारात आपला नंबर कोणी वाचणार नाही, तो शिक्षेच्या आकड्याला भीत नाही. तो भितो फक्त सापडण्याला.

म्हणून मला मोठी शिक्षा नको, आधी लागणारी शिक्षा हवी. पळण्याचा निर्णय बॅरिकेडच्या तीस-चाळीस मीटर अलीकडे, दोन-तीन सेकंदांत होतो. त्या सेकंदांत माणसाच्या डोक्यात शिरेल एवढी सोपी आणि खात्रीची गोष्ट कायद्याने सांगायला हवी: थांबलास तर जे काय असेल ते, पण नाही थांबलास तर त्याहून जास्त, आणि लायसन गेलंच.

याची रचना फार अवघड नाही. नुसतं थांबला नाही, कोणाला धोक्यात घातलं नाही, तर दंड दारू पिऊन चालवण्याच्या दंडापेक्षा कमी नसावा आणि काही महिने लायसन बंद. पळताना राँग साइड, सिग्नल, फुटपाथ, गर्दी अशा ठिकाणी गाडी घातली तर तो वेगळा, जास्त गंभीर गुन्हा, दोन-तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. कोणाला लागलं, कोणी मेलं तर आहेतच पुढची कलमं, त्यांना हात लावायची गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने हेच केलं. २००९ च्या ३१ डिसेंबरला सिडनीजवळ पोलिसांपासून पळणाऱ्या दरोडेखोरांच्या गाडीने एका कुटुंबाच्या गाडीला ठोकलं आणि १९ महिन्यांची मुलगी गेली. २०१० मध्ये तिथे नवा गुन्हा आला: पोलीस मागे आहेत हे माहीत असून थांबायचं नाही आणि बेफाम चालवायचं, तर पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर ५. कायद्याला लोक त्या मुलीच्या नावाने ओळखतात. तिथेही मूल मेल्यावरच जाग आली, पण आली तेव्हा त्यांनी जीव घेण्याबद्दलची शिक्षा वाढवून भागवलं नाही, पळण्याला नाव दिलं. उलट इंग्लंडची गत काहीशी आपल्यासारखी. धोकादायक चालवून जीव घेतल्यास २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत मजल गेली, पण पोलिसांनी हात करूनही न थांबणाऱ्याला फक्त १ हजार पौंडांपर्यंत दंड. सायबाचं अनुकरण करायचं तर निदान चांगल्या बाजूचं करावं.

काही जण याच्या पुढे जातात. पळाला म्हणजे प्यायलेला होता असं गृहीतच धरा, म्हणतात. मला ते पटत नाही. लायसन नसलेला अठरा वर्षांचा पोरगा पळतो, गाडीचा हप्ता थकलेला पळतो, दुसऱ्या राज्याची पाटी असलेला आणि मागच्या नाक्यावर पाचशे देऊन आलेला पुन्हा द्यायला नको म्हणून पळतो. पळण्याची शिक्षा पळण्याबद्दल असावी. बाकीचं पोलिसांनी सिद्ध करावं.

तो पाचशेवाला इथे आला ते बरं झालं, कारण या लेखाला खरा विरोध तिथूनच होणार. कलम वाढलं की रेट वाढतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आज 'पावती फाडू का' म्हणून जे चालतं ते उद्या 'पळत होतास, तीन वर्षं जाशील' म्हणून चालेल. बॅरिकेडच्या दहा पावलं पुढे जाऊन थांबलेल्यालाही पळपुटा ठरवलं जाईल. हे होईल का? होईल. मला त्याबद्दल भ्रम नाही.

आणि पैशाची गोष्ट सोडली तरी पोलीस ज्या पद्धतीने गाड्या थांबवतात त्यानेच माणसं मरतात. ७ मार्च २०१८ ला तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेटच्या तपासणीला न थांबलेल्या एका जोडप्याचा पोलीस निरीक्षकाने पाठलाग केला आणि चालत्या बाइकला लाथ मारली. मागे बसलेली पत्नी रस्त्यावर पडून मेली. हेल्मेट नव्हतं म्हणून. डोक्याला लागू नये म्हणून असलेल्या नियमापायी डोकं फुटून मेली. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की रस्त्यात आडवं येऊन, झडप घालून किंवा पाठलाग करून दुचाकीस्वारांना पकडायचं नाही, त्यासाठी कॅमेरे वापरा. आपल्याकडे उड्डाणपुलाच्या उतारावर, खांबाच्या सावलीत, वळणाच्या अगदी पलीकडे दबा धरून उभे राहणारे पोलीस आपण रोज पाहतो. एकदा माझ्या डोळ्यांसमोर एक शिपाई झाडाआडून असा एकदम पुढे आला की ज्याला पकडायचं होतं तो पोरगा सटकला, पण त्याच्या मागून येणारे सत्तरीचे गृहस्थ दचकून ब्रेक दाबून लुनासकट आडवे झाले. भाजीची पिशवी फुटली. शिपायानेच त्यांना उठवलं, टोमॅटो वेचून दिले. वाईट माणूस नव्हता. त्याला महिन्याचा आकडा पूर्ण करायचा होता.

तेव्हा ज्या कायद्याची मी बाजू घेतो आहे त्याला दुसरी बाजू जोडलेली असेल तरच तो मला हवा, नाहीतर नको. गुन्हा तेव्हाच धरावा जेव्हा नाकाबंदी लांबून दिसेल अशी होती, दिवा होता, पोलीस वर्दीत होते, इशारा स्पष्ट होता आणि हे सगळं कॅमेऱ्यात आहे. चित्रण नाही तर खटला नाही. कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद पडतो हे मलाही माहीत आहे, पण मग कलमही त्याच रात्री बंद पडावं. हेल्मेट, पीयूसी, सीटबेल्ट असल्या गोष्टींसाठी पाठलाग बंद. अमेरिकेत पोलिसांच्या पाठलागात दर वर्षी शेकडो माणसं मरतात. मरणाऱ्यांत पळणारे असतात तसे रस्त्यावरचे तिसरेच लोकही असतात. तिथल्या अनेक शहरांनी म्हणूनच पाठलाग हिंसक गुन्ह्यांपुरता आवळला. आपले रस्ते तर त्यांच्या रस्त्यांसारखे मोकळेही नाहीत. लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या फुलबाजारात पाठलाग म्हणजे दोन गाड्यांनी मिळून केलेला अपघात.

थांबणं म्हणजे काय, याचीही व्याख्या हवी, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रात्री एकटी गाडी चालवणारी बाई निर्जन रस्त्यावर चार पुरुषांनी हात केला म्हणून थांबेलच असं नाही, वर्दी असली तरी. जमाव धावून येताना ट्रकवाला थांबणार नाही. दोघांनीही चारी इंडिकेटर लावून, वेग कमी ठेवून, पुढच्या टोल नाक्यावर किंवा पोलीस ठाण्यात गाडी नेली किंवा ११२ ला फोन केला, तर कायद्याने त्याला थांबणंच म्हणावं. ट्रकचालकांच्या संघटनांशी बोलताना सरकारने ही वाट पुढे ठेवली असती तर जानेवारीतल्या त्या दोन दिवसांत काही वेगळं घडलं असतं, असं मला आजही वाटतं. दहा वर्षांच्या आकड्यावर दोन्ही बाजू अडून बसल्या आणि पळून न जाता सुरक्षित कसं थांबायचं हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पाठलाग नाही, मग पळालेला सापडणार कसा? पाटीवरून, आणि मालकावरून. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँडने पोलिसांना पाठलागापासून आवरलं, आणि त्याच वेळी पळालेल्या गाडीच्या मालकाला नोटीस देऊन त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगायला बांधून घेतलं. आपल्याला हे नवीनही नाही. मोटार वाहन कायद्याचं १३३ वं कलम मालकावर हीच जबाबदारी टाकतं. 'गाडी मित्राने नेली होती' हे वाक्य या देशात कोट्यवधी वेळा उच्चारलं गेलं असेल. त्याच्या पुढचा प्रश्न, मित्राचं नाव काय, हा विचारायची सोय १९८८ पासून पुस्तकात आहे, ती वापरायचा कंटाळा.

राहिली पाटी. ४१४१ हा नंबर 'दादा' असा वाचता यावा म्हणून रंगवून घेणारे आपले लोक. २१४ चा 'राम' करणारे. नंबरावर उसाचा पाचोळा, चिखल, लिंबू-मिरची, आणि मधोमध पक्षाचं चिन्ह. उच्च सुरक्षा पाट्यांची सक्ती राज्यात जुन्या गाड्यांना झाली तेव्हा केवढा ओरडा झाला, आणि मुदत वाढत वाढत गेली. पाटीच्या किमतीबद्दल ओरडा रास्त असेल. पण वाचता येणारी पाटी नको असणाऱ्यांचाही आवाज त्यात मिसळलेला होता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लग्नाहून परतत होतो. एका गावाबाहेर नाकाबंदीत आमची गाडी बाजूला घेतली. माझ्या तोंडाशी यंत्र आलं, मी फुंकलं, शून्य. तेवढ्यात मागून पांढरी एसयूव्ही आली. पोलिसाने टॉर्च हलवला. ती क्षणभर मंद झाली, काचेच्या आत सिगारेटचं टोक दिसलं, आणि मग इंजिन गुरगुरलं. ती बॅरिकेडच्या कडेने मातीत उतरली, आमच्या आरशाला घासून पुढे गेली. टॉर्चवाला पोरगा, पंचविशीचा असेल, मागे उडी मारून नाल्याच्या कठड्यावर बसकण मारून पडला. कोणी जीप काढली नाही. तो उठला, पँट झटकली आणि बॉलपेनने तळहातावर नंबर लिहू लागला. शेवटचे दोन आकडे त्याला आठवेनात. त्याने मला विचारलं, काका, तुम्ही पाहिला का? मीही नव्हता पाहिला.

'सापडला तर काय होईल?' मी विचारलं.

'दोन हजार,' तो म्हणाला, आणि हातातलं यंत्र पुसून पुढच्या गाडीकडे गेला.